पोलीस ठाण्यातील नोंद पुसता येते काय?

शिफारसपत्र मागावयास पाळकांकडे आलेला एखादा तरुण निघताना दाराशी थबकतो व हळूच विचारतो, "चार वर्षांपूर्वी एका मारामारीत माझे नाव आले होते. अर्जात तो प्रश्न आहे. काय लिहू?" आपण बहुधा त्यास सांगतो, "झाले गेले विसर, प्रार्थना कर." प्रार्थना तर हवीच, परंतु अशा मुलास कायदा काय देतो व काय देत नाही, हे आपणांस ठाऊक असावयास नको काय?

प्रथम एक कटू गोष्ट. प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी ठरावीक काळानंतर पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये 1974 सालापासून तसा कायदा आहे. आपल्याकडे तरतुदी आहेत, पण त्या निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत. त्या केंद्राच्या असल्यामुळे इंदूर, हैदराबाद वा बडोदे येथील वाचकांसही तितक्याच उपयोगी आहेत.

सर्वांत उदार वागणूक मुलांस मिळते. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24 नुसार अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण त्या कायद्याखाली निकालात निघाले, तर त्या दोषाची कोणतीही अपात्रता त्यास पुढे चिकटत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळाने द्यावयाचा असतो. निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती चारित्र्य पडताळणीसाठीसुद्धा पोलिसांनी उघड करावयाची नाही. सोळा वर्षे पुरी झालेल्या ज्या मुलावर अतिगंभीर अपराधासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष ठरतो, त्यास मात्र ही सवलत नाही. नोंदी खरोखर नष्ट झाल्या काय, हे आईबापांनी मंडळाकडे अर्ज करून विचारावे. कोणी आपण होऊन सांगावयास येत नाही.

प्रौढांसाठी 1958 चा परिवीक्षा कायदा आहे. प्रथमच दोषी ठरलेल्यास चोरी, फसवणूक अशा काही अपराधांत, तसेच दोन वर्षांपर्यंतच कैद असलेल्या अपराधांत, न्यायालय समज देऊन सोडू शकते. मृत्युदंड वा जन्मठेप नसलेल्या अपराधांत चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. त्याची मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर अशा अपराधांत त्यास तुरुंगात धाडण्यापूर्वी न्यायाधीशांना कारणे नोंदवावी लागतात. ह्याच कायद्याचे कलम 12 म्हणते की, असा सोडलेला मनुष्य दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेस पात्र होणार नाही. म्हणून शिक्षा सुनावण्याच्या दिवशीच वकिलांनी परिवीक्षेची मागणी करावी. तो दिवस हातचा गेला की अपिलावाचून मार्ग राहत नाही.

परंतु येथे पुष्कळांची फसगत होते. अपात्रता जाते, दोषसिद्धी जात नाही. 1990 साली बक्षी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: परिवीक्षेवर सुटलेल्या नोकरावरही त्याच्या गैरवर्तनाबद्दल खाते कारवाई करू शकते.

अटक झाली, पण दोष ठरला नाही, त्यांचे काय? 2022 च्या ओळखविषयक कायद्याप्रमाणे पूर्वी कधीही शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्यावाचून सुटली, किंवा सर्व अपिले संपून निर्दोष ठरली, तर तिचे बोटांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी मापे नष्ट करावयाची असतात, दंडाधिकाऱ्यांनी वा न्यायालयाने कारणे नोंदवून उलट आदेश दिला नसेल तर. निकालपत्रातील नाव मात्र आपोआप नाहीसे होत नाही. निर्दोषत्वाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून घरी जपून ठेवावी, हा माझा आग्रह.

आता दाराशी थबकलेल्या त्या मुलाकडे वळू. अर्जात लपवावे काय? 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितले की, मागितलेली माहिती खरी असली पाहिजे. परंतु लपविलेली बाब क्षुल्लक असेल, तर मालकाने तारतम्याने वागावे. ह्या दुसऱ्या वाक्यावर विसंबून राहू नये. पुष्कळदा मूळ मारामारीने नव्हे, तर "नाही" ह्या शब्दाने नोकरी जाते. प्रश्न नीट वाचावा: अटकेविषयी विचारले आहे, चालू खटल्याविषयी की दोषसिद्धीविषयी? जितके विचारले तितकेच लिहावे, व निकालाची प्रत जोडावी. पारपत्राच्या बाबतीत तर कायदा नेमके मागतो: नैतिक अधःपतनाच्या अपराधासाठी किमान दोन वर्षांची कैद झाली असल्यास, अर्जापूर्वीच्या पाच वर्षांपुरतीच ती दोषसिद्धी आड येते.

शिफारसपत्र लिहिणाऱ्यांसही दोन शब्द. फिलेमोनास पत्र लिहिताना पौलाने अनेसिमाचा पूर्वेतिहास झाकला नाही. त्याचे देणे स्वतःच्या नावे मांडावयास सांगितले. पाळकांनी आपणांस ठाऊक असलेले तेवढेच, पण ठामपणे लिहावे: हा तरुण किती वर्षे मंडळीत आहे, कोणते काम करतो, त्याच्या हाती पैसा सोपविला जातो काय.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती व ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले, ह्या सर्वांस तेथे वकील विनामूल्य मिळतो. जाताना प्रकरणाचा क्रमांक व निकालाची प्रत बरोबर न्यावी.