मुंबई ते दुबई : अंतर किती, वेळ किती?

व्यापारी बंधूंनो, कापड मीटरने मोजणारा माणूस वेळ मोजताना मात्र चुकतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा तिकिटावर सुटण्याची वेळ सकाळी १० व पोहोचण्याची ११.४५ छापलेली होती. मी दोन्ही वेळा हिंदुस्थानी समजलो. म्हणजे तिथे सव्वादहा वाजले असतील, असा हिशेब करून एका गिऱ्हाइकाला १२ वाजताचा वायदा दिला. प्रत्यक्षात ११.४५ ही दुबईची वेळ होती. पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी करून बाजारात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि दुकान दुपारसाठी बंद झाले होते. सौदा दुसऱ्याने नेला. तेव्हापासून खालील हिशेब मी कागदावर मांडूनच निघतो.

अंतर : मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर. जेट विमान तासाला ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. चढणे, उतरणे व धावपट्टीवरचा वेळ धरून तीन ते सव्वातीन तास लागतात. वरच्या थरात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून जाताना वेळ थोडा जास्त, येताना थोडा कमी लागतो.

घड्याळ : दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. जाताना वेळांच्या फरकात दीड तास मिळवावा, येताना वजा करावा. दुबईहून रात्री १० ला सुटून तीन तासांनी उतरलात, तर मुंबईत रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि तारीखही बदललेली असते.

खरा प्रवास : भिवंडीहून विमानतळ गाठायला दोन तास धरावेत. विमानाच्या तीन तास आधी हजर राहावे. उड्डाण सव्वातीन तास, उतरल्यावर बाजारापर्यंत दीड-दोन तास. एकूण दहा तास झाले. त्या दिवशी मोठ्या सौद्याचा वायदा करू नये.

सूर्य : दोन्ही शहरांच्या रेखांशात साडेसतरा अंशांचा फरक आहे. सूर्याला एका अंशाला चार मिनिटे लागतात, म्हणजे सुमारे ७० मिनिटे. ऋतूप्रमाणे हा फरक थोडा कमी-जास्त होतो. मुंबईत सेहरी करून दुबईला निघालेल्या रोजेदाराचा रोजा तेवढा लांबतो. हातातले घड्याळ मुंबईचे असेल तर त्यावर इफ्तार करू नये. सफरीतील रोजा व नमाजचे मसले निघण्यापूर्वी आलिमांना विचारून घ्यावेत.

वार : १ जानेवारी २०२२ पासून दुबईतील सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते व शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. जुन्या सवयीने रविवारी कागदपत्रांसाठी जाल, तर दार बंद मिळेल. कचेरीचे काम असेल तर सोमवार ते गुरुवार हेच दिवस धरावेत.

मालातली खोट गिऱ्हाईक एखाद्या वेळी माफ करतो, पण वायदा चुकला की भरवसा जातो. वायदा ही अमानत आहे. म्हणून तो देण्यापूर्वी घड्याळ कोणत्या गावाचे आहे, ते आधी पाहावे. अल्लाह आपल्या सफरीत सलामती व कारोबारात बरकत देवो.