स्टेशन नावाचं यंत्र

हॉस्टेलवाल्यांना स्टेशन काही नवीन नाही. दिवाळीची सुट्टी लागली की पाठीवर सॅक, हातात मळलेल्या कपड्यांची बॅग आणि निघाली स्वारी! गेल्या सुट्टीत मी मात्र गाडी चुकवली. गाडी आली तेव्हा मी स्टेशनातच होतो, पण पुलाच्या जिन्यात अडकलेला. मला खाली उतरायचं होतं आणि लोकलमधून उतरलेली सगळी गर्दी वर येत होती. डोळ्यांदेखत गाडी सुटली. पुढच्या गाडीला चार तास होते. तेव्हा बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर जे मांडलं, तेच इथे लिहितोय.

फलाट किती लागतात?

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, अंतर 34 किलोमीटर. त्याच बोरीबंदरला 1878 ते 1888 या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहिलं. तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. खालून आधाराचा सांगाडा न लावता बांधलेला त्याचा दगडी घुमट सिव्हिलवाल्यांनी एकदा तरी मान वर करून पाहावा. 2004 साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ‘मुंबई’ म्हटलं की सिनेमात आधी हीच इमारत दिसते.

पण इमारत झाली चेहरा. यंत्र आहे ते तिच्या मागे.

इथे 18 फलाट आहेत, त्यातले 7 लोकलचे. एवढे कशाला? साधा हिशोब करू. मधल्या स्टेशनात लोकल अर्धा मिनिट थांबते आणि पुढे जाते. दर तीन मिनिटांनी गाडी धरली तर एका फलाटावरून तासाला 20 गाड्या. टर्मिनसला मात्र रूळच संपतात. गाडी रिकामी होणार, भरणार, दुसऱ्या टोकाच्या केबिनमधून ती निघणार. यात समजा 6 मिनिटं गेली आणि पुढची गाडी फलाटाला लागायला आणखी 2. म्हणजे एका गाडीला 8 मिनिटं, तासाला जेमतेम 7 गाड्या. त्याच 20 गाड्यांना आता तीन फलाट हवेत!

शिवाय स्टेशनच्या तोंडाशी येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात. एकाला वाट दिली की तिला छेदणाऱ्या वाटेचा सिग्नल लालच राहतो. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. आपण लॅबमध्ये जे लॉजिक गेट शिकतो, त्याचाच हा थोरला भाऊ. तेव्हा टर्मिनसच्या अलीकडे लोकल उभी राहिली की मोटरमनला शिव्या देऊ नका. बिचारा वाटेची वाट पाहत असतो.

जिन्याचं गणित

आता माझी चुकलेली गाडी. समजा एका लोकलमधून 1,500 माणसं उतरली. जिना 3 मीटर रुंद. गर्दीत जिना चढताना एका मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस जातो असं धरू. म्हणजे सेकंदाला 3 माणसं आणि सगळे वर जायला 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. पण पुढची लोकल येते चार मिनिटांत! तोवर 720 चढलेले, 780 खालीच. त्यात नवे 1,500. दुसऱ्या फेरीनंतर तुंबलेले होतात 1,560. दोन जिने केले तरी दर गाडीमागे 60 जण उरतातच. आणि यात माझ्यासारखे उलटे येणारे धरलेलेच नाहीत.

माझी फक्त गाडी चुकली. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडला (आताचं प्रभादेवी) अचानक पाऊस आला, माणसं जिन्यावरच थबकली आणि मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. ऑफिसला निघालेली साधी माणसं. लक्षात घ्या, पूल कोसळला नव्हता. वजन त्याने पेललं, माणसांचा ओघ पेलला नाही. लष्कराने तिथे बांधलेला नवा पूल फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत.

पाटीसुद्धा इंजिनिअरिंगच

प्रत्येक उपाय पुलाइतका महाग नसतो. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजले जायचे, त्यामुळे ‘एक नंबर’ दोन ठिकाणी! डिसेंबर 2023 मध्ये सगळ्यांना 1 ते 14 असे सलग क्रमांक मिळाले. चुकीच्या फलाटावरून परत फिरणारा माणूस म्हणजे जिन्यावर दोनदा पडलेला भार. पाट्या बदलल्या की तो भार आपोआप कमी होतो.

आपण बीमवरचा लोड दशांश चिन्हापर्यंत काढतो. पण जिन्यावर उभं राहून माणसं मोजायला आपल्याला कुणी सांगत नाही. तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी जाताना गाडी लेट असेल, तर मोबाईलवरचं घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती जण चढतात ते मोजा. जिन्याची रुंदीही पावलांनी मोजून घ्या. सुट्टी संपली की मेसमध्ये आकडे ताडून पाहू.

आणि हो, स्टेशनात अर्धा तास आधी पोहोचा. हे मात्र अनुभवाचे बोल!