वाफेच्या ट्रॉलरचा जमाखर्च

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना कोळसा आणि वाफ यांची ओळख करून देण्याची गरज नाही. १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. पुढे वरोऱ्याची खाण बंद पडली तेव्हा बल्लारपूरचा कोळसा निघू लागला. ज्या काळात आपल्याकडे ही उलाढाल चालू होती, त्याच काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर कोळशावर चालणारे एक वेगळे यंत्र धंद्यात उतरले होते. ते म्हणजे वाफेवर चालणारा मासेमारीचा ट्रॉलर.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. मग या जहाजाची चर्चा जंगलपट्ट्यातील व्यापाऱ्याने का करावी? कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तलावांची मासळी हा मोठा धंदा आहे आणि त्यात भांडवल घालणारे अनेकजण पहिला रुपया जाळे, बोट आणि मोटार यांवर खर्च करतात. हा क्रम बरोबर की चूक, याचे उत्तर या जहाजाच्या जमाखर्चात सापडते.

जहाज कसे चालत असे

पूर्वी उत्तर समुद्रात शिडाच्या नौका तळाशी जाळे ओढीत. वारा फुकट, पण तो पडला की नौका जागीच. १८७७ साली नॉर्थ शील्ड्स या बंदरात विल्यम पर्डी या गृहस्थाने वाफेवर चालणाऱ्या एका जुन्या ओढबोटीला जाळे लावून पाहिले आणि ते जमले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रिम्सबी येथे खास या कामासाठी बांधलेले 'झोडियाक' आणि 'एरीज' हे ट्रॉलर पाण्यात उतरले. १८९० च्या दशकात जाळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावण्याची पद्धत आली. जहाज पुढे जाऊ लागले की पाण्याच्या दाबाने या फळ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. आजचे ट्रॉलरसुद्धा याच तत्त्वावर मासे धरतात.

अशा जहाजाची लांबी साधारण १०० फूट आणि माणसे नऊ-दहा. त्यांत तांडेल, त्याचा मदतनीस, डेकवरचे खलाशी, दोन इंजिनवाले, भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले आणि एक स्वयंपाकी. जाळे पाण्यात सोडले की पाण्याच्या खोलीच्या सुमारे तिप्पट लांबीचा तारेचा दोर सोडावा लागे. तीन-चार तास संथ गतीने ओढल्यावर वाफेच्या विंचने दोर गुंडाळून जाळे वर घेत. जाळ्याच्या शेपटाची गाठ सोडली की मासळीचा ढीग डेकवर पडे. लगेच जाळे पुन्हा पाण्यात जाई, आणि ते खाली ओढले जात असताना वर खलाशी उघड्या हवेत मासे फाडून आतडी काढीत, धुवून प्रतवारी करीत आणि खालच्या खणात बर्फाच्या चुऱ्याचे थर देत मासे रचीत. हे संपेपर्यंत पुढचे जाळे वर येण्याची वेळ झालेली असे. दिवस-रात्र हाच फेरा. सलग झोप दुर्मीळ होती आणि फिरत्या विंचमध्ये हात सापडण्याची भीती नेहमीची.

खाली भट्टीपाशी वेगळीच कथा. बॉयलर थंड झाला तर पुन्हा वाफ धरायला कित्येक तास लागतात. म्हणून मासे मिळोत वा न मिळोत, समुद्रात असेपर्यंत आग विझू द्यायची नाही. खाडा पडला तरी कोळसा जळतच राहतो. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हा कायमचा खर्च आहे. शिडाच्या नौकेला वाईट दिवस आला तर ती फक्त कमवीत नसे. वाफेच्या ट्रॉलरला वाईट दिवस आला तर तो खिशातले खात असे.

हा तोटा माणसांच्या अंगावरही येई. ब्रिटिश बंदरांत तांडेल आणि त्याचा मदतनीस यांना ठरावीक पगार नसून खेपेच्या उत्पन्नात हिस्सा असे. कोळसा, बर्फ, खाणे-पिणे आणि धक्क्याचा खर्च वजा करून जे उरेल त्यातून हिस्सा. काहीच उरले नाही तर कधी कधी तांडेल घरी कर्ज घेऊनच परते.

मग तिकडे धंदा टिकला कसा?

याचे उत्तर जहाजात नाही, धक्क्यावर आहे. ग्रिम्सबीला ट्रॉलर येण्याच्या सुमारे २५ वर्षे आधी, १८५० च्या दशकात, रेल्वे कंपनीच्या पैशातून मासळीची गोदी उभी राहिली होती. मासळी उतरली की लिलाव, लिलाव झाला की खोकी थेट रेल्वेच्या डब्यात आणि लवकरच ती लंडनच्या किंवा कापडगिरण्यांच्या शहरांच्या बाजारात. बर्फ आधी नॉर्वेहून जहाजाने येत असे. पुढे १९०१ साली ग्रिम्सबीतच बर्फाचा मोठा कारखाना सुरू झाला. गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून तळलेल्या मासळीची दुकाने निघाली होती, त्यामुळे साधी मासळीही खपत होती.

म्हणजे गोदी, रेल्वे आणि गिऱ्हाईक आधी उभे होते, बर्फाची सोय होती, आणि शेवटी यंत्र आले. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तेच यंत्र हिंदुस्थानात

आता आपल्या देशात काय झाले ते पाहू. बंगाल सरकारने १९०८-०९ मध्ये 'गोल्डन क्राउन' नावाचा वाफेचा ट्रॉलर बंगालच्या उपसागरात चालवला. कामावर डॉ. जे. ट्रॅव्हिस जेन्किन्स हे इंग्लंडमधील जाणकार होते. जाळे ओढता येईल अशा जागा सापडल्या, मासेही मिळाले. या जहाजाने आणलेल्या नमुन्यांवर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने शास्त्रीय लेखन प्रसिद्ध केले. शास्त्राच्या पदरात भर पडली, पण नियमित धंदा काही उभा राहिला नाही.

त्यानंतर मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' हा वाफेचा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिला. इथेही मासळी होती. मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंतच्या समुद्रतळावर घोळ, दाढा, कोत, वाम अशी मोठी मासळी आहे, हे पुढच्या काळातील ट्रॉलरनी सिद्ध केले. तरीही 'विल्यम कॅरिक'चा प्रयोग किफायतशीर ठरला नाही आणि तो पुढे चालू राहिला नाही.

थोडा विचार केला तर कारणे समजण्यासारखी आहेत. वाफेच्या जहाजाचा कोळसा, दुरुस्ती आणि कसबी माणसे यांचा खर्च रोजचा. तो भरून काढायचा तर रोज टनावारी मासळी चांगल्या भावाने विकली गेली पाहिजे. मुंबईचे गिऱ्हाईक पापलेट, सुरमई, बोंबील यांचे. तळाच्या मासळीला तशी मागणी नव्हती. मुंबईत मासळी उरली तर पुणे, नाशिक, नागपूर येथे ताजी पोहोचवण्यासाठी बर्फाची खोकी, थंड डबे आणि तिकडचे घाऊक व्यापारी यांची साखळी लागते. ती साखळी तेव्हा नव्हती. यंत्र इंग्लंडहून आणता आले. त्याच्या मागे उभा असलेला बाजार जहाजात भरून आणता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, ते वेगळ्या वाटेने. १९४६ साली केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र काढले. तीच संस्था पुढे वाढून १९८३ साली 'फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया' झाली. दरम्यान किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वाफेचे जहाज घेतलेच नाही. आपल्याच होड्यांना त्यांनी डिझेलचे इंजिन बसवले. त्याला भट्टी नको, आगवाला नको. काम संपले की बंद करता येते, म्हणजे वाईट दिवशी खर्चही थांबतो. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) सातपाटीसारख्या गावांत सहकारी संस्थांनी इंधन, बर्फ आणि मुंबईपर्यंतची वाहतूक हाती घेतली. यंत्र लहान, पण मागची व्यवस्था पक्की. हा धंदा टिकला.

आपल्या तलावांकडे

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळू. घोडाझरी, असोलामेंढा यांसारखे मोठे तलाव आपल्याकडे आहेत. शिवाय गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो, ते आहेत. ढिवर, भोई, केवट बांधवांच्या सहकारी संस्था त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडतात. मात्र धानाला पाणी देऊन आणि उन्हाने तलाव आटू लागले की सगळीकडची मासळी थोड्याच आठवड्यांत बाहेर काढावी लागते. बाजारात एकदम माल येतो, उन्हाचा पारा ४५ अंशांकडे चाललेला असतो, आणि दुपारनंतर विक्रेता येईल त्या भावाला माल सोडतो.

याच बाजारात आंध्रच्या तळ्यांतील रोहू-कटला बर्फात भरून ट्रकने शेकडो किलोमीटरवरून येतो आणि तरीही विकण्याजोगा असतो. आपली मासळी वीस किलोमीटरवरच्या तलावातून येते आणि संध्याकाळी नरम पडते. फरक माशात नाही, बर्फात आणि बांधणीत आहे. तेव्हा आपली अडचण मासे कमी धरले जातात ही नसून धरलेले मासे टिकत नाहीत ही आहे. मोठे जाळे आणि मोटारबोट घेऊन आपण आटत्या तलावातून तीच मासळी आणखी लवकर बाहेर काढू, म्हणजे भाव आणखी पाडू. 'विल्यम कॅरिक'ची गोष्ट ती हीच.

बर्फाचा हिशेब

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३५ अंश तापमानाची ५० किलो मासळी शून्य अंशापर्यंत आणायची तर सुमारे १४०० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे साडेसतरा किलो बर्फ. हा झाला केवळ थंड करण्याचा बर्फ. बाहेरची उष्णता आत येतच असते, ती थोपवायला आणखी लागतो. म्हणून उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हिवाळ्यात दोन किलोंना एक किलो, असे प्रमाण धरावे. बर्फाचा चुरा करावा. मोठा तुकडा माशाला सगळीकडून टेकत नाही आणि अंगाला डागही पाडतो. खाली बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर द्यावेत आणि वितळलेले पाणी निघून जायला तळाला भोक ठेवावे. मासा त्या घाण पाण्यात बसला तर बर्फाचा उपयोग निम्मा होतो. बर्फ मासळी नरम पडल्यावर नव्हे, तर पाण्यातून काढताच लावायचा. ट्रॉलरच्या खणात खलाशी हेच करीत असत.

आता रुपयांचा हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजाराचे घालावेत. समजा एका तलावातून २०० किलो मासळी निघाली. सकाळी १४० रुपये भावाने १२० किलो गेली. उरलेली ८० किलो संध्याकाळी ७० रुपयांनी सोडली, तर ५६०० रुपये आले. हीच ८० किलो बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या बाजारात १२० रुपयांनी विकली, तर ९६०० रुपये येतात. वाढ ४००० रुपयांची. सगळ्या २०० किलोंसाठी बर्फ ५ रुपये किलोने १००० रुपये आणि गाडीभाडे १५०० रुपये वजा केले, तर हाती १५०० रुपये जास्त राहतात.

आता तीन तलावांनी मिळून एकच गाडी केली तर भाडे प्रत्येकी ५०० रुपये पडते आणि प्रत्येकाच्या हाती १५०० ऐवजी २५०० रुपये राहतात. एकाच भागातील तलावांनी मासळी काढण्याचे दिवस वाटून घेतले तर सकाळचा भावही टिकेल. यासाठी कर्जाची नाही, एकत्र बसण्याची गरज आहे.

भांडवल कुठे घालावे

आमच्या मते क्रम असा असावा. आधी गिऱ्हाईक : चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा, नागपूर येथील दोन-तीन घाऊक व्यापारी आणि खानावळी यांच्याशी माल काढण्यापूर्वी बोलणी. मग बर्फाची खात्रीची सोय आणि चांगली खोकी. त्यानंतर गाडी. या तिन्ही गोष्टी एक हंगाम सुरळीत चालल्या आणि तरीही माल अपुरा पडू लागला, तरच जाळे व बोट. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फ कारखाना, थंड वाहन, बर्फपेटीसह मोटारसायकल आणि तीनचाकी यांचा समावेश करण्यात आला. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्य असे तिचे प्रमाण ठरले. अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत.

आपल्या वाचकांपैकी जे बर्फाचा, गाड्यांचा किंवा घाऊक मासळीचा धंदा करतात, त्यांना यात जागा आहे. तलाव संस्थेचा, मेहनत ढिवर बांधवांची. बर्फ, गाडी आणि दूरच्या बाजारातील ओळख व्यापाऱ्याची. गडचिरोलीतील पेसा क्षेत्रात ग्रामसभेला विश्वासात घेऊनच व्यवहार करावा. भाव, तूट आणि उधारीची मुदत कागदावर लिहावी आणि मासळी खराब झाली तर तोटा कोणाचा, हे आधी ठरवावे. नाहीतर उत्तर समुद्रातील त्या तांडेलासारखे, सगळा हंगाम राबून शेवटी संस्थेचा माणूसच कर्ज घेऊन घरी जातो.

येत्या हंगामात तलावावर जाळे टाकण्याचा दिवस ठरवाल, तेव्हा त्याच्या आदल्या संध्याकाळी बर्फ कुठून येणार हेही ठरवा. ते ठरत नसेल तर जाळे टाकण्याचा दिवस पुढे ढकला.