पीपीटी तयार आहे, पण बोलणार कसं?

सेलूत शाळा शिकलेल्या बहुतेक मुलांनी पहिलं भाषण 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला नाहीतर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला केलेलं असतं. ते कुणीतरी लिहून दिलेलं असतं आणि आईनं आदल्या रात्री दहादा म्हणवून घेतलेलं असतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’पर्यंत सगळं एका दमात. मध्येच एखादा शब्द निसटला की पोर थांबतं, वर बघतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. टाळ्या पडतात, घरचे खूश होतात.

तेच मूल अकरावीत किंवा कॉलेजात जातं. सर म्हणतात, विषय निवडा, पीपीटी करा आणि वर्गासमोर दहा मिनिटं बोला. आता लिहून देणारं कुणी नसतं. समोर ओळखीचीच पन्नास पोरं असतात आणि हात गार पडतात. मग पालक विचारतात, ‘घरी एवढा बडबड करतो, वर्गात उभा केला की तोंडातून शब्द फुटत नाही. पुढं इंटरव्ह्यूला कसं व्हायचं याचं?’

पालकांची काळजी खरी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 गुणांपैकी 275 मुलाखतीचे असतात. दहावीलाही भाषेच्या 100 पैकी 20 गुण लेखी पेपराबाहेरचे, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. बोलणं टाळून कुठलंच करिअर पूर्ण होत नाही. शेतीचं दुकान टाकलं तरी गिऱ्हाइकाला औषध समजावून सांगावंच लागतं. पण ‘पोरगं भित्रं आहे’ हे निदान मला मान्य नाही. आपण त्याला पाठ म्हणायला शिकवलं आणि आता विषय समजावून सांगायला उभं केलं. ही दोन वेगळी कामं आहेत. पाठ केलेल्या मजकुरात एक कडी तुटली की पुढचं काहीच सापडत नाही, आणि ती तुटेल ही धास्तीच निम्म्या घाबरण्याचं मूळ असते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. 1891 मध्ये विलायत सोडताना त्यांनी शाकाहारी मित्रांना लंडनच्या हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये निरोपाची मेजवानी दिली. थोडक्यात, विनोदी बोलायचं म्हणून इंग्रज लेखक ॲडिसन याचा एक किस्सा त्यांनी बसवून घेतला होता. उभे राहिले आणि पहिल्या वाक्यानंतर सगळं विसरले. कसेबसे आभार मानून खाली बसले. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात, पहिल्याच खटल्यात, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उठले तर डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. घेतलेली 30 रुपये फी त्यांनी परत केली. आणि 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर हाच माणूस व्यापारातल्या सचोटीवर बोलला. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण असं ते त्याला म्हणतात. विषयाची तयारी त्यांनी केली होती, पण या वेळी दुसऱ्याचा किस्सा आठवायचा नव्हता. समोरच्या लोकांना सांगावंसं वाटणारं काही त्यांच्याजवळ होतं. बुजरेपणा पूर्ण कधीच गेला नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणून भीती जाण्याची वाट बघत बसू नका. ती असतानाच बोलायचं असतं.

सेलूच्या परिसरातला एक विषय घेऊ. समजा तुम्हाला कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर बोलायचंय. नेटवरून उचललेली पीपीटी सुरू होते ती अशी: ‘गुलाबी बोंडअळी ही कपाशीवरील एक प्रमुख कीड असून तिचे शास्त्रीय नाव...’ इथंच जीभ अडखळते, कारण हे वाक्य तुमचं नाही. त्याऐवजी हातात एक डोमकळी घेऊन उभे राहा आणि म्हणा, ‘हे फूल नीट उमललेलंच नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात. का, ते आत बघू.’ पाकळ्या उकला, आतली अळी दाखवा. वर्गाचे डोळे तुमच्या तोंडावरून फुलाकडे जातात, थरथरत्या हातांना काम मिळतं आणि पुढचं वाक्य आपोआप येतं. मग कामगंध सापळा काय करतो, सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार का करायचा, हे तुम्ही बापाला शेतात सांगाल तसंच वर्गाला सांगा. शास्त्रीय नाव स्लाइडवर असू द्या. तेही आलं पाहिजे, फक्त सुरुवात त्यानं नको.

घरी शेती नसेल तर निम्न दुधना धरणाचं पाणी घ्या, बाजार समितीतले कापसाचे भाव घ्या, सेलू स्टेशनावरून जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक घ्या. विषय दिलेलाच असेल, तर त्यातला एक तरी मुद्दा स्वतः पाहिलेल्या गोष्टीला जोडा.

तयारीचं सांगायचं तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पक्कं बसवा. मधल्यासाठी चिठ्ठीवर पाच-सहा शब्द पुरतात. सराव मोठ्यानं आणि उभं राहूनच करायचा. मनातल्या मनात वाचलं की सगळं येतंय असा भास होतो, तो वर्गात मोडतो. आणि प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत सांगून बघा. वाक्यं बदलली तरी मुद्दा टिकतो, हे एकदा अंगी भिनलं की विसरण्याची भीती बरीचशी ओसरते.

छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, याचा अर्थ शरीरात ॲड्रेनलिन वाढलंय, एवढाच. खेळाडूलाही मैदानात उतरताना हेच होतं. बोलण्याआधी चार-पाच वेळा श्वास घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, ठोके थोडे उतरतात. दोन घोट पाणी प्या. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. दुसऱ्या एका अभ्यासात, 2003 सालच्या, दिसून आलं की आपण किती घाबरलोय हे समोरच्यांना जेवढं कळतंय असं बोलणाऱ्याला वाटतं, तेवढं त्यांना कळत नाही. हे आधी सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणंही सुधारली. तुम्हीही ते ऐकून ठेवा.

इंग्रजीचं काय? मराठी माध्यमातून सायन्सला आलेल्या मुलांना इथं दुहेरी ओझं असतं. आधी विषय मराठीत कुणालातरी समजावून सांगा, मगच इंग्रजीत आणा, तीही आखूड वाक्यांची इंग्रजी. सरांना विचारून मध्ये मराठी वापरलीत तर त्यात कमीपणा नाही.

आता आई-बाबांसाठी. मूल घरी सराव करत असताना मध्ये टोकू नका. हात असा ठेव, आवाज मोठा कर, शेजारच्या ताईचं बघ, हे सगळं बंद. ऐकून झाल्यावर विषयावरचा खरा प्रश्न विचारा: ‘मग ती अळी बोंडात शिरते कुठून?’ उत्तर देताना ते नकळत समजावून सांगायला लागतं. आणि मूल कित्येक आठवडे झोपत नसेल, जेवण टाकत असेल, बोलावं लागेल म्हणून शाळाच बुडवत असेल, तर ती नुसती धाकधूक नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन मोफत आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. तो लावायला लाजू नका.

शेवटी प्रश्नोत्तरं राहतात, आणि हुशार मुलंसुद्धा त्यांना बिचकतात. प्रश्न आला की लगेच तोंड उघडू नका. तो आपल्या शब्दांत एकदा परत म्हणा, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही सर, बघून सांगतो’ म्हणा. मग लायब्ररीत बघा नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन खरंच सांगा.