पैशांचा हिशेब आणि दशांश स्थळे

दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग. कागदावर तो ०.१० असा अचूक लिहिता येतो. संगणकाची मूळ अंकपद्धती मात्र द्विमान आहे, आणि तीत एक दशांश हा अपूर्णांक आवर्ती ठरतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश ०.३३३... असा लिहू लागल्यास तो संपत नाही, तसेच हे होय. संगणकाला तो कोठे तरी तोडावा लागतो. म्हणून द्विमान अपूर्णांकांच्या प्रचलित पद्धतीने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली, तर उत्तरात सतराव्या दशांश स्थळी ४ हा आगंतुक अंक उमटतो.

एकटी चूक क्षुल्लक असते. परंतु ती एकाच दिशेने पुनःपुन्हा घडली, म्हणजे साचत जाते. कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. दिवसाकाठी सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने मोजला जाई, आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक पूर्णांकित न करता सरळ गाळले जात. त्यामुळे रोज एक ते दीड अंकाची घट होत राहिली. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक सुमारे ५२४ दाखवीत होता. दुरुस्तीनंतर तो १,०९८ च्या घरात निघाला.

हे टाळण्याचे मार्ग साधे आहेत. डेटाबेसमध्ये रक्कम ‘डेसिमल’ किंवा ‘न्यूमरिक’ या दशमान प्रकारात ठेवावी, अथवा पूर्ण पैशांत मोजावी: १२ रुपये ५० पैसे म्हणजे १,२५०. व्याजाच्या मधल्या पायऱ्यांत अधिक दशांश स्थळे राखून पूर्णांकन शेवटी एकदाच करावे. नेमका अर्धा उरल्यास तो नेहमी वर ढकलला, तर बेरीज हळूहळू फुगते; म्हणून पुष्कळदा जवळच्या सम अंकाकडे जाण्याचा नियम पाळतात. त्यानुसार २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४.

तरीही एक प्रश्न उरतोच. शंभर रुपये तिघांत वाटले, तर प्रत्येकी ३३.३३ रुपये येतात आणि एक पैसा शिल्लक राहतो. तो कोणाच्या खात्यावर जमा करावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. तो नियम माणसानेच आधी ठरवून लिहून ठेवला पाहिजे; अन्यथा जमाखर्चाचा मेळ बसणार नाही.