झिजलेली स्मृती : विद्युत् मोटारीतील नियंत्रक बदलताना

विद्युत् मोटारीला इंजिन नसते, तेव्हा तिच्यात बिघडण्यासारखे ते काय, असा समज आपल्याकडे रूढ होत आहे. तो अर्धाच खरा. इंजिन ऑइल आणि सायलेन्सर गेले. पण बॅटरी, ब्रेक, पडदा अशा प्रत्येक कामावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. त्यांतील एक निकामी झाला, तरी धडधाकट मोटार अडून बसू शकते.

अमेरिकेतील टेस्ला कंपनीचे उदाहरण पाहू. २०१२ ते २०१८ या वर्षांच्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ च्या मॉडेल एक्स या मोटारींतील पडद्यामागच्या नियंत्रकात ८ गिगाबाइटची स्मृतिचिप होती. अशा चिपचा प्रत्येक कप्पा सुमारे ३,००० वेळाच पुसून लिहिता येतो. मोटार तर आपल्या कामकाजाच्या नोंदी अखंड लिहीत राही. रोजची सरासरी १.४ आवर्तने धरली, तर पाचसहा वर्षांत चिपचे आयुष्य सरते. (वाळवीने खाल्लेली दफ्तरे आम्हां इतिहासवाल्यांच्या परिचयाची, येथे मात्र लिहिण्यानेच दफ्तर संपले!) परिणाम किरकोळ नव्हता. गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र दिसेना. काचेवरील धुके घालविण्याची सोयही पडद्यासोबत गेली. मागे लेकरू उभे असेल, तर? तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये मागणी केली, तेव्हा फेब्रुवारीत कंपनीने सुमारे १,३५,००० मोटारी परत बोलावल्या आणि ६४ गिगाबाइटची चिप असलेला सर्किट बोर्ड विनामूल्य बसवून देण्याचे मान्य केले.

नियंत्रक बदलताना प्रथम १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी लागते. काम उच्च दाबाच्या भागाजवळ असेल, तर तो प्रवाहही तोडून, साठलेला विद्युत्भार उतरेपर्यंत थांबावे लागते. तेथील सुमारे ४०० व्होल्ट जिवावर बेततात. हे प्रशिक्षित हातांचेच काम. पण खरी अडचण पान्याची नाही, ओळखीची आहे. नियंत्रकात त्या विशिष्ट मोटारीचा क्रमांक, तिची मांडणी आणि सांकेतिक किल्ल्या असतात. दुसऱ्या गाडीचा नियंत्रक आणून नुसता जोडला, तर ती त्याला आपला मानीत नाही. म्हणून स्वतंत्र कारागीर जुनी चिप काढून तिच्यातील माहिती नव्या चिपवर उतरवितात. जुनी पुरती मेली असेल, तर उतरवायचे काय? यास्तव पडदा मंदावू लागताच हालचाल करावी.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे मोटारदुरुस्तीत आहेत, त्यांना पुढचा प्रश्न लगेच कळेल: ही सांकेतिक माहिती कोणाच्या हाती? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांना मिळणारी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांनाही खुली करविली. नोव्हेंबर २०२० मध्ये, मोटारीतून बिनतारी पाठविल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत हा हक्क वाढवावा, असा कौल तेथील मतदारांनी दिला.