समास आणि अर्थ

आज्ञावली लिहिताना मुख्य विधानाच्या पोटातील विधाने थोडी आत सरकवून लिहिण्याचा प्रघात आहे. सी या भाषेत यंत्राला या समासाशी काही कर्तव्य नसते. ते कंस आणि अर्धविराम यांवरूनच अर्थ लावते. समास असतो तो वाचणाऱ्या माणसासाठी. म्हणूनच समास एक सांगतो आणि यंत्र दुसरेच करते, तेव्हा मोठा घोटाळा होतो.

ईमॅक्स या मजकूर-संपादकाने यावर काढलेला उपाय समजून घेण्याजोगा आहे. १९७६ च्या सुमारास एम.आय.टी. या अमेरिकन संस्थेत जन्मलेला हा संपादक वापरणाऱ्याला हवा तसा घडवता येतो. त्याच्या सी-विभागात समासाचे काम दोन टप्प्यांत चालते. टॅबची कळ दाबताच प्रथम ओळीची ओळख पटवली जाते: ही कंसाची ओळ आहे, की पोटविधानाची, की अर्धवट राहिलेल्या विधानाची? त्यानंतर त्या प्रकारासाठी ठरवलेले अंतर एका कोष्टकातून घेतले जाते.

आपल्याला बदलायचे असते ते केवळ हे कोष्टक. उदाहरणार्थ, ग्नू शैलीत समासाची पायरी दोन जागांची असते आणि ‘इफ’नंतरचा महिरपी कंसही एक पायरी आत जातो. तो ‘इफ’च्या सरळ रेषेत हवा असेल, तर त्या ओळीवर जाऊन कंट्रोल-सी व कंट्रोल-ओ या कळा लागोपाठ दाबाव्यात, संपादक ओळीचा प्रकार दाखवून नवे अंतर विचारतो. तेथे शून्य द्यावे. बदल कायमचा हवा असल्यास तोच नियम लिस्प भाषेत आरंभीच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा.

कोष्टक कसेही बदलले, तरी ओळखीचा टप्पा अबाधित राहतो, हे महत्त्वाचे. २०१४ साली अॅपल कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीत एक दोष उघड झाला. ‘इफ’खाली ‘गोटू फेल’ हे विधान चुकून दोनदा लिहिले गेले होते. महिरपी कंस नसल्याने ‘इफ’ची अट पहिल्यालाच लागू होती; दुसरे मात्र प्रत्येक वेळी अमलात येई. त्यामुळे स्वाक्षरीची पुढील तपासणी टळे आणि ती यशस्वी झाल्याचाच निर्वाळा मिळे. समास दोन्ही ओळींना सारखाच होता, म्हणून डोळा फसत होता. त्या ओळीवर टॅबची कळ दाबली असती, तर दुसरे विधान ‘इफ’च्या रेषेत बाहेर आले असते.

यास्तव संपादकाने दिलेला समास अनपेक्षित वाटला, तर कोष्टक बदलण्यापूर्वी आपली ओळ पुन्हा वाचावी.